पांढऱ्या रेघेच्या अलीकडे

त्या दुपारी लाइट गेली नसती तर पूर्णिमाने आपल्या बापाला तिसऱ्यांदा पुसून टाकलं असतं आणि तिला त्याचा पत्ताही लागला नसता. पण शंकर नगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात जेवणाचे डबे बंद होत होते तेवढ्यात लाइट गेली, बॅटरीने नेहमीसारखा ऐन वेळी दगा दिला, सगळे पडदे काळे झाले, आणि परत उजेड आला तेव्हा तिचं काम होतं तसं उघडलं नाही. ती रस्ता नेहमी वरून पाहायची, आभाळातून घार पाहते तसा. आता तो खालून उघडला होता. मोटारीच्या टपावर जिथं कॅमेरे बसवतात तिथून, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा थोडं वरून. आणि रस्त्याच्या डाव्या कडेला, वळणाच्या जरा आधी, बाबा उभे होते.

तिचं काम समजायला सोपं होतं आणि करायला कंटाळवाणं. कॅमेरे लावलेली मोटार रस्त्याने जाते आणि जाता जाता हजारो चित्रं घेते. मग या चित्रातला खांब त्या चित्रात किती सरकला, जवळचं झाड किती पळालं, लांबची पाण्याची टाकी किती थोडी हलली, हे यंत्र जुळवत बसतं आणि त्यावरून काय किती दूर आहे ते काढतं. गाडीच्या खिडकीला नाक लावून बसलेल्या पोरालाही एवढं ठाऊक असतं, की जवळचं पळतं आणि लांबचं सोबत येतं. तेवढ्याच ज्ञानावर यंत्र सपाट चित्रांतून अख्खा रस्ता उभा करतं, खोलीसकट, आत शिरून हिंडता येईल असा. अट एकच: पाहिलं जाणारं जागचं हलता कामा नये. चालणारी माणसं, सायकली, कुत्री, वाऱ्यावरचं धोतर, यातलं काहीच दोन चित्रांत एका जागी सापडत नाही. मग यंत्र त्यांना खोटं ठरवतं आणि वगळतं. म्हणून नव्या राजधानीचे रस्ते त्यांच्या पडद्यावर कायम ओस असायचे. भर बाजाराच्या वेळचा रस्ता, दुकानं उघडी, केळ्यांचे घड टांगलेले, आणि माणूस औषधालाही नाही. नवीन लागलेली पोरं पहिले काही दिवस याने जरा बावरत. मग सवय होई. सवयीसारखं औषध नाही.

कधी कोणी जरा वेळ थांबलेलं असलं तर त्याचं अर्धंमुर्धं उरायचं. गायीची पाठ, स्कूटरचं एक चाक, टपरीपाशी कमरेखालची नुसती पँट. ऑफिसात त्यांना भूत म्हणत. ज्यांच्यासाठी हे काम चालायचं त्या लोकांना रस्त्यावर दिवे, पाट्या, कठडे कुठं बसवायचे ते ठरवायचं असे. त्यांना भुतं नको असत. भुतं पुसणं हे पूर्णिमाचं खातं. वरून पाहायचं. वरून माणूस म्हणजे एक ठिपका. ठिपक्याभोवती फास टाकायचा, बटण दाबायचं, पुढे जायचं. शेजारच्या टेबलावरचा आशय तिला कौतुकाने म्हणे, "दीदी का रास्ता एकदम धुला हुआ रहता है." आशय अमरावतीकडच्या घरातला, पण जन्मला वाढला रायपुरात, मराठी सगळं समजायचं, तोंडातून निघायचं हिंदी. तिला या कौतुकाचं बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगा.

आज उभं होतं ते भूत नव्हतं. तो पुरा माणूस होता. शर्टाची कॉलर, खिशाचा ताणलेला कोपरा, डावीकडे किंचित कललेली मान, कोपरातून जरासा उचललेला उजवा हात आणि त्या हातात गुंडाळलेली काळी छत्री. पूर्णिमाने माउसच्या चाकावर बोट ठेवून दृश्य त्यांच्याभोवती फिरवलं. पाठही होती. पाठीवर शर्टाला पडलेली चुणीसुद्धा होती, जी तिनेच गेल्या आठवड्यात इस्त्री करताना आळसाने तशीच ठेवली होती. बाबा तिथं कसे, हा प्रश्न पुढचा. त्याआधी तिला भीती वाटली ती त्या पुरेपणाची. जिवंत माणूस यंत्रात असा येत नाही. तो श्वास घेतो, पाय बदलतो, माशी हाकलतो. मोटार लांबून दिसायला लागल्यापासून मागे पडेपर्यंत कणभरही न हलता उभी राहणारी गोष्ट म्हणजे खांब, झाड किंवा भिंत. तिने इतक्या वर्षांत त्या पडद्यावर एकही चेहरा पाहिला नव्हता. आणि पहिला पाहिला तो हा.

श्यामराव रोज दुपारी मराठी मंडळाच्या वाचनालयात जात. निदान असं ते सांगत, आणि पूर्णिमा तसं धरून चालत होती. सकाळी ती त्यांचा डबा झाकून निघायची, संध्याकाळी परत यायची तेव्हा ते खुर्चीत बसलेले असायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पूर्णिमाने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारंही आता कोणी उरलं नव्हतं. दोन खोल्यांत दोघं राहत, एकमेकांना अडचण होणार नाही इतक्या बेताने. ते छत्री घेऊन जातात हे तिला ठाऊक होतं. माघ महिन्यात छत्री कशाला, असं तिच्या मनात एकदा आलंही होतं, पण ओठावर आलं नाही. घरच्या माणसाला विचारायचे प्रश्न वेळच्या वेळी विचारले नाहीत तर ते शिळ्या भाकरीसारखे कडक होतात, मग तोडायला जावं तर आपलेच दात दुखतात.

त्या रस्त्यावर मोटारीच्या याआधी दोन फेऱ्या झाल्या होत्या. ऊन-सावलीमुळे एका फेरीत जे निसटतं ते दुसऱ्या फेरीत सापडावं म्हणून तशी पद्धत होती. दोन्ही तिनेच धुतल्या होत्या. तिने आशयकडून न धुतलेल्या फेऱ्या मागून घेतल्या. "क्या हुआ दीदी, कुछ छूट गया क्या?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "नाही रे, पाहून राहिली फक्त." पहिल्या फेरीतही ते होते. दुसऱ्या फेरीतही होते. दोन्ही वेळा तिने वरून एक ठिपका पाहिला होता आणि बटण दाबलं होतं. मग तिने तिन्ही फेऱ्या एकावर एक ठेवल्या, कारण पडद्यावर ते करता येतं आणि हात थांबत नव्हता. रस्ता रस्त्यावर बरोबर बसला. कठडा कठड्यावर बसला. बाबा मात्र एकावर एक बसले नाहीत. तिथं तीन श्यामराव एकामागे एक उभे राहिले, रेशनच्या रांगेत उभे राहावे तसे, तिघांचीही मान डावीकडे कललेली, तिघांच्या हातात छत्री. सगळ्यात मागचा, पहिल्या फेरीतला, कठड्याला टेकून होता. मधला एक पाऊल पुढे. आणि तिसऱ्याच्या चपलांची टोकं रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेला लागली होती. त्या रेघेच्या पलीकडून मोटारी सुसाट जातात. चौथी फेरी उद्या होती.

मोटार चालवणारा रामकृष्ण खाली पानठेल्यावर उभा होता. बीरगांवचा, कारखाना बंद पडल्यावर या कामाला लागलेला. तिने त्याला विचारलं तेव्हा त्याने लगेच मान डोलावली. "हव दीदी, एक झन डोकरा उहां रोज ठाढ़े रहिथे. हॉर्न मारो, तभो नई हटय." एक म्हातारा रोज उभा असतो, हॉर्न वाजवला तरी हटत नाही. मग पानाची पिंक बाजूला टाकून तो हिंदीत म्हणाला, "पहले तो मैं समझा पुतला है. अब तो एकदम लाइन पर आ गया है. किसी दिन कोई उड़ा देगा." हे तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. त्याचा काय दोष. त्याचा तो बाप नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा श्यामराव खुर्चीत होते, छत्री दाराच्या खुंटीवर होती आणि त्यांच्या चपलांवर रस्त्याची पांढुरकी धूळ होती. ती कालही असणार, परवाही असणार. तिने कुकर लावला, वांग्याची भाजी टाकली, आणि ताटं घेतल्यावर समोर बसून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. पडद्यावर पाहिलं होतं तितकं स्पष्ट तिने त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं. "मीठ नाही टाकलं का वं?" त्यांनी विचारलं. "टाकलं बाबा." "मंग माह्याच तोंडाची चव गेली." तिने मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. मग ती म्हणाली, "मंडळात कोण कोण येते आता?" "कोणी नाही. म्हातारे मरून गेले, पोट्टे मोबाइल पाहून राहिले." "मग तुम्ही काय करता तिथं दुपारभर?" "वाट पाहतो." "कोणाची?" त्यांनी घास खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पेपरवाल्याची." तिला कळलं की ते खोटं बोलत आहेत, आणि त्यांना कळलं की तिला कळलं. तरी तिने रेटून विचारलं, "छत्री काहून नेता? पाऊस तर नाही." "हातात काही असलं का माणूस सरळ उभा राहते," श्यामराव म्हणाले आणि हात धुवायला उठले.

ती जागा कोणती हे तिला आता उमगलं; पडद्यावर ओळखता आली नव्हती यात नवल नव्हतं. तिथं ओळखण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. नवा रस्ता झाला तो धमतरीला जाणारी रेल्वेची छोटी लाइन उखडून, तिच्याच अंगावर. पूर्वी तिथं फाटक होतं, फाटकाला लागून एक क्वार्टर होतं, क्वार्टरात श्यामराव, सुशीला आणि पूर्णिमा राहत. श्यामराव तुमसरकडून आलेले, फाटकावर गेटमन. छोटी गाडी इतकी सावकाश जायची की अभनपुरला बाजारासाठी निघालेल्या बाया खिडकीतून क्वार्टरातल्या सुशीलाला वांग्याचा भाव ओरडून सांगत आणि सुशीला इकडून घासाघीस करी. सुशीला एका जागी कधी उभीच राहिली नाही. पाणी भर, शेण सार, पोरीची वेणी घाल, तेही चालता चालता. तिचे जे दोन-चार फोटो होते त्या सगळ्यांत ती पुसट आली होती. पूर्णिमाला आज वाटून गेलं, की आई या यंत्रात सापडलीच नसती. आपण सारा जन्म घरासाठी पळत राहावं आणि शेवटी यंत्राने म्हणावं, इथं कोणी नव्हतं. याचा तिला राग आला, आणि तो राग कुणावर काढावा ते कळलं नाही.

गाडीची वेळ झाली की श्यामराव फाटक पाडत, झेंडी घेऊन आपल्या जागी उभे राहत आणि मग हलत नसत. हा नियम होता की त्यांचा स्वभाव, हे तिला कधी उमगलं नाही. गेटमन हलला की ड्रायव्हर बिचकतो, ते म्हणत. गेटमन स्थिर दिसला म्हणजे पुढं सगळं ठीक आहे. इंजिन जायचं, डबे जायचे, टपावरची माणसं आरोळ्या द्यायची, आणि बाप शेवटच्या डब्याच्या पाठीवरची खूण डोळ्यांनी पाहीपर्यंत तसाच. एकदा पूर्णिमा लाइनीपलीकडच्या खड्ड्यात पडली होती. बोरं वेचायला गेली होती, शाळेत नुकती जायला लागलेली. गुडघा फुटला, रक्त पाहून ती घाबरली, आणि समोरच, हाकेच्या अंतरावर, बाबा उभे होते. तिने हाक मारली. गाडी अजून लांब होती, तिचा आवाज पोचत होता. तिने पुन्हा पुन्हा हाक मारली आणि बाबांनी मान वळवली नाही. गाडी आली, सावकाश सावकाश गेली, शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, खोळंबलेल्या बैलगाड्या पार झाल्या, आणि मग ते आले आणि त्यांनी तिला उचललं. रात्री आई हळद लावताना म्हणाली, "फाटकावर असला म्हणजे तुहा बाप बाप नसते, खांबा असते." आईला तो विनोद वाटला. पूर्णिमाने तो खरा मानला. त्यांना ऐकू आलं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि तोही प्रश्न शिळा होऊन कुठंतरी पडून राहिला. दाराला बाहेरून कुलूप लावावं, हा विचार तिच्या मनात त्या रात्री येऊन गेला. पण ज्याने जन्मभर खिट्ट्या, आगळ आणि साखळ्या सांभाळल्या त्याला कोणतं कुलूप अडवणार?

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाजूच्या छोट्या रस्त्याने स्कूटी नेली. ऊन स्वच्छ होतं. कठडा ओलांडून ती आत आली तेव्हा ते समोरच उभे होते, तिच्याकडे पाठ करून. एक ट्रक इतका जवळून गेला की त्यांच्या शर्टाचा फुगा झाला आणि परत बसला. माणूस हलला नाही. आज चपला पुऱ्या रेघेवर होत्या. "बाबा," तिने हाक मारली. मग मोठ्याने मारली. त्यांनी मान वळवली नाही. तिने जाऊन दंड धरला. दंड कडक होता, आणि तिच्या लक्षात आलं की इथं ओढाताण केली तर दोघंही रस्त्यात जाऊ.

"गाडी येऊन राहिली," ते समोर पाहत म्हणाले.

"कोणती गाडी, बाबा?"

"धमतरीची."

"लाइन उखडली ना. तुमच्या डोळ्यांदेखत उखडली."

"मले माहीत आहे."

"माहीत आहे, मग?"

"शेवटच्या दिवशी दुपारची गाडी मीच पार केली," श्यामराव समजूत घालावी तसं म्हणाले. "ते वापस आली नाही. तिकडंच ठेवून घेतली म्हणते. मले कोणी सांगितलं नाही. अंधार पडेपर्यंत उभा होतो, मंग जीपमधून एक साहेब आला आन झेंड्या घेऊन गेला. गेलेली गाडी वापस पार झाल्याशिवाय फाटक सोडता येत नाही, बाई."

त्यांच्या आवाजात वेड नव्हतं. वेड असतं तर तिला सोपं गेलं असतं. "मग पुढं पुढं काहून सरकून राहिले?" तिने विचारलं. त्यांनी हनुवटीने वळणाकडे दाखवलं. "दिसत नाही आता. त्यांनी मोठी पाटी लावली." वळणाच्या तोंडाशी नव्या राजधानीत तुमचं स्वागत आहे अशी हिरवी, दुमजली पाटी होती. पूर्णिमाला ती पाटी ठाऊक होती. पहिल्या फेरीच्या चित्रात तिथं नुसतं गवत होतं. दुसऱ्यात दोन खांब. तिसऱ्यात पाटी. तिने धुऊन दिलेल्या रस्त्यावर कोणीतरी बोट ठेवून ठरवलं होतं की ही जागा मोकळी आहे, इथं कोणी उभं नसतं, इथून कोणाला काही पाहायचं नसतं. तिने त्यांना पुसलं म्हणून पाटी आली, पाटी आली म्हणून ते एक पाऊल पुढे आले. हे तिला भर उन्हात स्वच्छ कळलं.

लांब, वळणाच्या उलट दिशेला, टपावर कॅमेरे लावलेली मोटार दिसू लागली. रामकृष्ण डाव्या कडेनेच येणार होता. कडा नीट याव्यात म्हणून त्याला तसं सांगितलेलं होतं, आणि सांगितलेलं पूर्णिमानेच होतं. त्याच्या मागून एक लांबलचक ट्रेलर होता. तिने आता दंड ओढला, पण ते जागचे हलले नाहीत. आणि तेव्हा तिला पांडुरंग आठवला. दुसऱ्या पाळीचा गेटमन, तोंडात कायम विडी. बाबा कितीही खांब झालेले असोत, पांडुरंग येऊन एक वाक्य म्हणायचा आणि खांबाचा परत माणूस व्हायचा. तिने चपला सरळ केल्या, ओढणी खोचली, त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बदली आली. झेंडी द्या."

श्यामरावांनी मान वळवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, उन्हाचं असेल किंवा इतका वेळ पापणी न लवल्याचं. त्यांनी छत्री तिच्या हातात दिली, हात कोपरातून किती उचलायचा ते दोन बोटांनी नीट करून दाखवलं, आणि मागे सरता सरता म्हणाले, "ऐकू येते मले. तेव्हाबी आलं होतं. पण लाइनीवर असलो का वळता येत नाही."

मग ते तिच्या मागे गेले आणि ती समोर पाहू लागली. तिला वाटलं होतं की ते कठड्यापलीकडे गेले की आपणही मागे फिरायचं, घेतलेलं सोंग संपवायचं. पण मोटार जवळ येत होती आणि हलावंसं वाटेना. वळणापल्याड काय आहे ते दिसत नव्हतं, हे खरंच होतं. पाटी नेमकी मध्ये येत होती, आणि न दिसणाऱ्या त्या तुकड्यातून काहीतरी यायचं राहिलं आहे असं तिच्या तळपायांना कळत होतं. लहानपणी रुळाला हात लावला की कळायचं तसं. तेवढ्यात मागून बाबांनी हाक मारली, "पूर्णिमा." तिला स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी पुन्हा मारली, मग पुन्हा, आवाज चिरकेपर्यंत. मोटार समोर आली होती. ती वळली नाही. मोटार गेली, मागचा ट्रेलर गेला, त्याचा शेवटचा दिवा तिने नजरेने पोचवला, आणि मग मागे पाहिलं तर श्यामराव कठड्याला धरून उभे होते आणि धापा टाकत होते. "काय झालं बाबा?" तिने विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. "चाल घरी."

त्या दिवसापासून श्यामराव दुपारी घराबाहेर पडले नाहीत. त्यांना भूक लागू लागली. भाजीतलं मीठ लागू लागलं. शेजारच्या शारदाबाईंनी पूर्णिमाला थांबवून सांगितलं, "तुमचे बाबा बरे दिसून राहिले हो आताशा." सकाळी ती निघताना छत्री तिच्या सँडलींवर आडवी ठेवलेली असायची. पहिल्या दिवशी तिने ती बाजूला ठेवली आणि निघाली, तर मागोमाग त्यांच्या चपलांचा आवाज आला. ती परत फिरली, छत्री घेतली, आणि आवाज थांबला. तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत जाऊन येते. खोटं बोलून भागलं असतं, इथंच बसून डबा खाल्ला असता तर त्यांना कोण सांगायला जाणार होतं. तिने तसं एकदा करून पाहिलं. डबा अर्ध्यावर झाकून ती उठली. दोघांपैकी एकाने तिथं असलं पाहिजे, आणि ती नसली तर ते असतील, एक पाऊल आणखी पुढे. ही गोष्ट तिला इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा पक्की ठाऊक होती. फक्त ती काळजी घ्यायची. रेघेच्या चांगली अलीकडे, कठड्याजवळ, जिथं सगळ्यात मागचे बाबा होते तिथं ती उभी राहायची. पहिल्या दिवशीही आपण रेघेच्या अलीकडेच होतो, असं ती धरून चालत होती.

चौथी फेरी यंत्रातून बाहेर यायला आठवडा गेला. ती आशयकडे होती. दुपारी डबे बंद होत असताना त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "दीदी, वो मोड़ पे फिर एक भूत है. लेडीज है इस बार. मिटा दूँ?" तो वरून पाहत होता, त्याला ठिपकाच दिसत असणार, लेडीज हे त्याने ओढणीच्या रंगावरून ओळखलं असेल. "थांब," ती म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावरून हात घालून दृश्य खाली आणलं, माणसाच्या उंचीवर.

ती स्वतःच पुरी आली होती. कोपर उचललेलं, मान डावीकडे कललेली; आपली मान कलते हे तिला कधी जाणवलं नव्हतं. आणि सँडली रेघेच्या पलीकडे होत्या. दोन्ही. रेघेपासून चांगल्या एक पाऊल आत, जिथून मोटारी जातात तिथं. तिने दृश्य डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. यंत्राची चूक असेल म्हणून कठडा तपासला, पाटी तपासली, रेघ तपासली; सगळं जागच्या जागी होतं. वळणापल्याड पाहायला म्हणून ती पुढे गेली होती आणि तिला कळलंही नव्हतं. रामकृष्णाने तिला चुकवून मोटार काढली असणार, मागच्या ट्रेलरनेही काढली असणार. आणि बाबा मागून हाका मारत होते ते याच्यासाठी.

बाबा त्या चित्रात कुठं नव्हते. ते धावत आले असतील, हात हलवत असतील. कठड्याच्या अलीकडे, तिच्या पाठीमागे, हवेत नुसते काही कण तरंगत होते, कशालाही न जोडलेले, शर्टाच्या रंगाचे.

"ये पीछे थोड़ा कचरा भी है हवा में," आशय म्हणाला. "सब साफ कर दूँ?"

"मला पुस," पूर्णिमा म्हणाली. "ते राहू दे."

आशयला काही कळलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात गाडीची वेळ होत आली होती. तिने डबा पिशवीत टाकला, टेबलाला टेकवून ठेवलेली छत्री उचलली आणि जिना उतरू लागली.